बॅट वाढत्या अंगाची नको

शर्ट वाढत्या अंगाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात. बॅटचं तसं नाही. तरीही दहा वर्षांच्या पोराला आपण ‘पुढे चार वर्षं चालेल’ म्हणत मोठ्यांची बॅट देतो. लहानांसाठी 1 ते 6 अशी मापं असतात, मग हॅरो, त्यानंतर मोठ्यांची. दुकानात फक्त वरच्या हाताने बॅट समोर आडवी धरायला सांगा. हात लगेच खाली आला, तर ती जड. जड बॅट सरळ येत नाही. पोरगं खालच्या हाताच्या जोरावर ती आडवी फिरवतं, बोल्ड होतं आणि ‘मला जमत नाही’ म्हणून खेळच सोडतं. पैसे कमी असतील तर काश्मिरी विलोची घ्या, वापरलेली घ्या. पण मापाची घ्या. दोष बॅटचा आणि बोल पोराला, हे बरं नव्हे.