सेंद्रिय अन्न : ग्राहक नेमके काय विकत घेतो?

शहरांतील दुकानांत अलीकडे एकाच धान्याचे दोन भाव दिसतात. साधी तूरडाळ एका दराने आणि तिच्याच शेजारी ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावलेली डाळ बऱ्याच चढ्या दराने. दोहोंत डोळ्यांना वा जिभेला ठामपणे जाणवेल असा भेद बहुधा नसतो. तरीही काटकसरीने संसार चालविणारी गृहिणी कित्येकदा महाग डाळच पिशवीत टाकते. ही निव्वळ हौस आहे असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही.

या खरेदीमागे तीन प्रेरणा संभवतात. पहिली प्रतिष्ठेची. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये वर्णन केलेला दिखाऊ उपभोग येथेही आहेच. दुसरी प्रेरणा जमीन, पाणी आणि पाखरे यांच्याविषयीच्या चिंतेची. परंतु देशोदेशींच्या ग्राहक-पाहण्यांत बहुधा अग्रस्थानी आढळते ती तिसरीच, आरोग्याची. स्पष्ट बोलायचे तर ती भीतीची प्रेरणा होय. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस आले की ही भीती बळावते.

ही भीती अगदीच निराधार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अवशेष मात्र त्यात कमी प्रमाणात आढळले. म्हणजे ग्राहक जादा पैसे मोजतो ते जीवनसत्त्वांसाठी नव्हे, तर धोका कमी करण्यासाठी.

पण धोका खरोखर कमी झाला की नाही, हे त्याला जेवल्यानंतरही कळत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा वस्तूंचा वेगळा वर्ग कल्पिला. वापरूनही जिचा गुण पारखता येत नाही, ती वस्तू केवळ विश्वासावर विकली जाते. अशा बाजारात काय घडते, ते जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. खरे-खोटे ओळखता आले नाही, तर खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावून लावतो.

त्याची झळ प्रथम प्रामाणिक शेतकऱ्याला लागते. २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. या काळात उत्पन्न पुष्कळदा घटते आणि पूर्ण प्रमाणित मालाचा भावही मिळत नाही. एवढे सोसून तो बाजारात उभा राहतो, तेव्हा खोटी चिठ्ठी चिकटविणारा व्यापारी त्याच्या आधीच तेथे पोहोचलेला असला, तर त्याने कोणाकडे दाद मागावी? २०१७ च्या नियमांनी प्रमाणपत्र बंधनकारक केले, हे योग्यच झाले. मात्र प्रमाणपत्र ही पिकविण्याच्या पद्धतीची हमी असते. प्रत्येक पुडक्याची तपासणी झाल्याची नव्हे. म्हणूनच बाजारातील नमुन्यांची नियमित तपासणी करून तिचे निष्कर्ष जिल्हावार जाहीर करणे आणि संक्रमणकाळात शेतकऱ्याला आधार देणे, ही शासनाची कर्तव्ये ठरतात.

तथापि, प्रश्न येथेच संपत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शहरी ग्राहक ताटातील विषाच्या अंशाला भितो. फवारणारा मजूर ते विष श्वासातून घेतो, आणि महाग डाळ विकत घेण्याची ऐपत त्याला नसते. ज्याला परवडेल त्याने निर्धोक अन्न घ्यावे आणि इतरांनी दैवावर हवाला ठेवावा, ही व्यवस्था बाजाराच्या हिशेबात बसेल. समाजाच्या हिशेबात बसणार नाही. सेंद्रिय मालाचा चढा भाव हे साध्या अन्नावरील अविश्वासाचे मोजमाप आहे. तो अविश्वास दूर करणे, हेच धोरणाचे खरे उद्दिष्ट असले पाहिजे.