विश्लेषण : सांधा एकीकडे, सिग्नल दुसरीकडे, रेल्वेचे सेन्सर कुठे फसतात?

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला. प्रत्यक्षात सांधा लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने एक्स्प्रेस तिच्यावर आदळली. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा एक्स्प्रेसच्या मागच्या डब्यांना धडकले. २९० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. सांधा कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा असूनही असे कसे घडले?

सांध्याची स्थिती कळते कशी?

सांध्यावर दोन सरकते रूळ असतात. पॉइंट मशीनची मोटर ते एका बाजूकडून दुसरीकडे नेते. या रुळांना जोडलेल्या सळया मशीनच्या आतील पट्ट्या हलवतात. रूळ जागेवर नीट चिकटला की विजेचा संपर्क जुळतो आणि 'सांधा बसला' असा संदेश स्टेशन मास्तरच्या पॅनेलवर पोहोचतो. तपासणीत रुळांच्या फटीत ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवून पाहतात. तेवढी फट असताना हा संदेश जाता कामा नये.

बिघाड झाला तर?

तार तुटली, मशीनमध्ये पाणी शिरले किंवा खडी अडकली, तर संदेशच येत नाही. संदेश नाही म्हणजे धोका, हे गृहीत धरून सिग्नल लाल राहतो. पावसाळ्यात पॉइंट किंवा सिग्नल बिघडून मुंबईची लोकल रखडते, तेव्हा बहुतेकदा हेच होत असते. मनस्ताप होतो, पण यंत्रणा सुरक्षित बाजूला झुकलेली असते.

मग बहानगात काय चुकले?

तिथे संदेश आला, पण खोटा. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनुसार, उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या बदलांत आणि त्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकावरील कामात तारांच्या जोडणीत चुका झाल्या. तारांच्या टोकांवरील खुणाही प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या. परिणामी सांधा लूप लाइनकडे असताना इंटरलॉकिंगला तो मेन लाइनकडे दिसत राहिला.

सेन्सरची खरी मर्यादा इथे आहे. यंत्रणेला रूळ दिसत नाही, तिला फक्त तारेतला प्रवाह कळतो. न आलेल्या माहितीपासून ती बचाव करू शकते. चुकीच्या माहितीपासून नाही.

'कवच' असते तर?

या मार्गावर तेव्हा 'कवच' नव्हते. ही यंत्रणा रुळांमधील आरएफआयडी टॅग आणि इंजिनाच्या वेगमापकावरून गाडीची जागा ठरवते. सिग्नलची माहिती मात्र स्थानकाच्या इंटरलॉकिंगकडूनच घेते. मूळ माहितीच चुकीची असेल, तर 'कवच'ही त्याच माहितीवर विसंबणार. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला ते रोखते. चुकून हिरवा झालेला सिग्नल ओळखणे वेगळे काम आहे.

उपाय कोणता?

दुरुस्तीनंतर एकाने सांध्यापाशी उभे राहून रूळ डोळ्यांनी पाहायचे, दुसऱ्याने पॅनेल पाहायचे आणि दोन्ही जुळल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही तपासणी साधी आहे, पण वेळखाऊ. बदललेल्या सर्किटची चाचणी वेगळ्या पथकाने करावी आणि जोडणीचे नकाशे अद्ययावत ठेवावेत, अशी शिफारस आयुक्तांनी केली.

इशारे आधीच मिळाले होते. १६ मे २०२२ रोजी खडगपूर विभागातील बांकरा नयाबाज स्थानकात चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच दुरुस्तीचे उपाय केले असते, तर बहानगाचा अपघात टळला असता, असे अहवाल म्हणतो. बहानगातील सांध्याच्या विचित्र वागण्याची माहितीही वेळेत सिग्नल विभागाकडे गेली नव्हती. म्हणून पुढच्या अपघातानंतर 'सेन्सर का नव्हता?' एवढेच विचारून भागणार नाही. त्याचे म्हणणे शेवटचे कोणी आणि कधी पडताळले, हेही विचारावे लागेल.