नाक कोणाचें आणि सोनें कोणाचें?

ता. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं वॉशिंग्टन येथें पांच राष्ट्रांनीं आरमारी तहावर सह्या केल्या आणि जपानचीं अमागी, अकागी, आतागो व ताकाओ हीं चार लढाऊ क्रूझर जहाजें अर्ध्यावरच राहिलीं. इंग्लंड व अमेरिका यांना प्रत्येकीं ५ तर जपानला ३, असें मोठ्या जहाजांचें प्रमाण ठरलें. जपानचें नाक कापलें गेलें, असें रडगाणें तेथील कांहीं आरमारी अंमलदारांनीं तेव्हां गाइलें. कित्येक लेखक तें आजही गातात. त्यांना आमचा साधा सवाल आहे. हें नाक कोणाचें, आणि त्याच्या नथीला सोनें कोणाच्या घरचें?

एकेक जहाज ४० हजार टनांहून जड, त्यावर १६ इंची तोफा १०! हीं चार जहाजें धरून ८ क्रूझर व ८ युद्धनौका बांधण्याचा बेत १९२० सालीं जपानी पार्लमेंटानें मंजूर केला. १९२१ सालीं सरकारी खर्चापैकीं जवळजवळ निम्मी रक्कम लष्कर व आरमार यांच्या घशांत गेली. आणि रयतेची स्थिति काय होती? १९१८ सालींच तोयामाच्या किनाऱ्यावरील कोळणी तांदूळ महागला म्हणून रस्त्यावर आल्या होत्या. तो वणवा देशभर पसरला, फौज बोलवावी लागली, तेराउचीचें प्रधानमंडळ कोसळलें. १९२१ च्या उन्हाळ्यांत कोबेच्या गोद्यांतील हजारों मजुरांनीं संप केला. तो मोडून निघाला, आणि नोव्हेंबरांत तेथेंच, कावासाकी गोदींत, आतागोच्या बांधणीस आरंभ झाला!

हें ओझें ज्यानें ओळखलें तो कोणी टाळकुटा शांतिवादी नव्हता. कातो तोमोसाबुरो हा खुद्द आरमारमंत्री. तरी वॉशिंग्टनहून त्यानें आपल्या खात्यास बजावलें कीं, देशाचें रक्षण ही एकट्या शिपायांची मिरास नव्हे, आणि पैशावांचून लढाई होत नाहीं. दहास सात हवेतच म्हणून तणतणणारा कातो कानजी त्याच्याच मंडळांत बसला होता!

तहानें मजुरांचें कल्याण झालें, असें मात्र कोणी समजूं नये. बांधणी थांबतांच हजारों कामगार घरीं बसले. नाकाचा शोक करणारांपैकीं त्यांच्यासाठीं टिपें कितींनीं गाळलीं?

असो. आतागो व ताकाओ मोडींत निघालीं. अमागी व अकागी यांचीं विमानवाहू जहाजें करण्याची मुभा होती. परंतु १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें योकोसुका येथें अमागीचा सांगाडा पिचून गेला. त्याच्या आठच दिवस आधीं कातो तोमोसाबुरो मुख्य प्रधान असतांना वारला होता. पुढें नाकवाल्यांचा जोर झाला. १९३४ च्या डिसेंबरांत जपाननें तहांतून बाहेर पडण्याची नोटीस दिली, व १९३७ सालीं कुरे येथें अमागीहूनही अवजड अशी यामातो युद्धनौका बांधावयास घेतली. अकागी १९४२ सालीं मिडवेच्या लढाईंत बुडालें. यामातो १९४५ सालीं, सुमारें तीन हजार माणसें पोटांत घेऊन.