वारा फुकट, पतंग दीड लाखाचा

‘परवडत नसेल तर खेळू नका.’ काइटसर्फिंगच्या सामानाच्या किमतीबद्दल कुणी तक्रार केली की हे उत्तर ठरलेले असते. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, तुमच्या शाळेतल्या पोरांना कबड्डी पुरे, असा त्याचा सरळ अर्थ. मी किनाऱ्यावरच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गात दालदी मच्छीमारांची मुले आहेत. वारा कुठून फिरणार हे त्यांना हवामान खात्याच्या आधी कळते. त्यांना हे उत्तर देण्याचा अधिकार कुणाला आहे, हा माझा सवाल आहे.

आधी खेळ समजून घेऊ. कमरेला पट्टा, त्याला वीस-बावीस मीटरच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग आणि पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हा पतंग पाण्यात पडला तरी पुन्हा वर उठतो. आजचा खेळ त्यावर उभा आहे.

आता गणित पाहा. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा २० नॉटवरून, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरवरून, १० नॉटवर आला तर वेग निम्मा होतो, पण ओढ चौथाईवर येते. पतंग सतत फिरता ठेवून आणि मोठी फळी घेऊन थोडी भरपाई होते. तरीही २० नॉटला ९ चौरस मीटरच्या पतंगावर भागवणाऱ्या माणसाला १०-१२ नॉटला १५ ते १७ चौरस मीटरचा पतंग लागतो. कापड जास्त, शिवण जास्त, किंमत जास्त. युरोपच्या दुकानात असा नवा पतंग दीड ते दोन हजार युरोंच्या घरात जातो. आपल्या रुपयांत दीड-दोन लाख. त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी.

वारा जितका गरीब तितका पतंग श्रीमंत! निसर्गाचा नियम आहे म्हणून हे मी मान्य करतो. पण त्यावर बाजाराने जो हिशेब रचला आहे, तो निसर्गाचा नाही.

युरोपातल्या जोरदार वाऱ्याच्या किनाऱ्यांवर माणूस आधी मधल्या मापाचे एक-दोन पतंग घेतो. मंद वाऱ्याचा मोठा पतंग तो शेवटी घेतो, सुट्टीचे चार दिवस वाया जाऊ नयेत म्हणून. तिथे ती चैन आहे आणि तिची किंमतही चैनीची आहे. आपल्या किनाऱ्यावर गोष्ट उलटी आहे. वारा खरा जोरात असतो तो पावसाळ्यात, तेव्हा समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. समुद्र शांत असतो त्या महिन्यांत दुपारी जे खारे वारे सुटतात, ते बहुतेक दिवशी दहा-पंधरा नॉटच्या आसपास. म्हणजे मंद वारा हा आपला अपवाद नसून आपला रोजचा वारा आहे. त्यांची खरेदी जिथे संपते, तिथून आमच्या मुलाची सुरू होते.

यावर जाणकार म्हणतात, मोठा पतंग कशाला, फॉइल घ्या. फॉइल म्हणजे फळीखाली दांडा आणि त्याला पाण्यात बुडालेले पंख. वेग आला की फळी पाण्याबाहेर उचलली जाते, पाण्याचा अडथळा घटतो आणि लहान पतंगावरही काम भागते. हे खरे आहे. पण चांगल्या कार्बन फॉइलची किंमत पतंगाच्या बरोबरीने जाते, तिचा दांडा पाऊण-एक मीटर लांब असल्याने उथळ पाण्यात ती चालत नाही आणि नवशिक्याला ती झेपत नाही. एक खर्च टाळण्यासाठी दुसरा खर्च करा, असा हा सल्ला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, फॉइलसह. शर्यती मार्सेयला होत्या. तिथे वारा इतका पडला की शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. जगातले सर्वात महागडे सामानही पडलेल्या वाऱ्यापुढे हात टेकते. त्या ऑलिंपिकच्या नौकानयनात भारताचे दोनच खेळाडू होते आणि दोघेही शिडाच्या होडीवर. पतंगावर कुणीच नव्हते.

आणखी एक गोष्ट ऐका. जगातल्या नामवंत कंपन्यांचे कितीतरी पतंग आपल्या शेजारच्या श्रीलंकेत शिवले जातात. पॅराशूट शिवणारा सरकारी कारखाना आपल्या कानपुरात आहे. कापडाचे आणि शिवणीचे कसब याच भागातले, आणि किंमत मात्र युरोपच्या खिशाला बेतलेली. मग ‘हे आपल्याकडे व्हायचे नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगता?

मी फुकट वाटा म्हणत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलांना चाळीस सूक्ष्मदर्शक लागत नाहीत, पाच पुरतात. पतंगाचेही तसेच. एका वेळी एकजण पाण्यात आणि एकजण मदतीला काठावर असतो. दोन मोठे पतंग, दोन रुंद फळ्या, चार पट्टे आणि एक प्रशिक्षक एवढ्यावर एका गावाची तुकडी शिकू शकते. मंद वाऱ्यासाठी लागणारी रुंद, सपाट फळी प्लायवूडची बनते. जगभर हौशी लोक ती घरी बनवतात. आमच्या खाडीकाठचे होड्या बांधणारे कारागीर ती डोळे झाकून बनवतील. काटकसर इथे करा. दोऱ्या, पट्टा आणि संकटात पतंग झटक्यात सोडणारी कळ यांत एक पैसाही वाचवू नका. वारा १० वरून १५ नॉटवर गेला तर ओढ सव्वादोन पट होते, आणि हातात मोठा पतंग असतो.

तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची जलक्रीडा संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला केंद्राची राष्ट्रीय संस्था आहे. किनाऱ्यावरच्या शाळांना हंगामापुरते सामान उसने देणारे भांडार त्यांनी चालवावे. खेळासाठी येणाऱ्या मोठ्या पतंगांवरचे शुल्क सरकारने कमी करावे. आज आमच्याकडे जलक्रीडा म्हणजे पर्यटकाने पैसे मोजून पंधरा मिनिटे मिरवायचे आणि गावच्या पोराने त्याचे लाइफ जॅकेट बांधायचे.

नाखवा हा शब्द फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आला. नाखुदा म्हणजे नावेचा धनी. ज्यांच्या आज्यापणज्यांनी शिडात वारा भरून हा समुद्र पालथा घातला, त्यांच्या नातवंडांना त्याच वाऱ्याचे तिकीट परवडत नाही असे सांगणे ही बेशरमी आहे. पोरे तयार आहेत, वाराही रोज दुपारी वेळेवर हजर असतो. गैरहजर आहे ते सामान. त्याची हजेरी लावणे हे सरकारचे आणि या संस्थांचे काम आहे.