ट्रॅकवर जायच्या आधीचे दोन आठवडे

पुतण्याचा ट्रॅकवरचा फोटो टाकला तेव्हा निम्म्यांनी अभिनंदन केलं आणि निम्म्यांनी शिव्या घातल्या. एकाने लिहिलं, "काका, आधीच पोरं घाटात मरतायत आणि तुम्ही त्यांना रेसिंग शिकवायला नेताय?" प्रश्न बरोबर आहे. दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी पार्श्वभूमी. कराडात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे हे बहुतेकांना माहीत आहे. पुतण्या बावीस वर्षांचा. गाडीचं वेड लहानपणापासून. गेल्या पावसाळ्यात तो आणि त्याचा मित्र दोन गाड्या घेऊन कुंभार्ली घाटात गेले. रील करायला. मित्राची गाडी वळणावर कठड्याला धडकली. जीव वाचला, पण पाय अजून सरळ पडत नाही. पुतण्या त्याच्या मागच्या गाडीत होता. म्हणजे नंबर उलटा असता तर काय, हा विचार आमच्या घरात महिनाभर कुणी बोलून दाखवला नाही.

वहिनी म्हणाल्या गाडीची किल्लीच काढून घ्या. घेतली. आठ दिवसांनी कळलं की तो दुसऱ्या मित्राची गाडी चालवतोय. मग मी त्याला म्हटलं, तुला जोरातच चालवायची आहे ना, चल, जिथे चालवायची असते तिथे जाऊ. पण तिथले लोक सांगतील ते सगळं करायचं, एक शब्द बोलायचा नाही.

चेन्नईच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला रेसिंगचा ट्रॅक आहे. साधारण पावणेचार किलोमीटरचा, १९९० पासून चालू आहे. गंमत म्हणजे आपल्या कोल्हापूर नाक्यावरून जो हायवे जातो, तोच एनएच ४८ बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत त्या ट्रॅकपाशी जातो. जवळजवळ हजार किलोमीटर, पण रस्ता एकच. तिथे एका संस्थेची दोन दिवसांची नवशिक्यांची शाळा होती, स्वतःची गाडी घेऊन यायची. मी माझी २०२० ची स्विफ्ट न्यायची ठरवली आणि स्वतःचंही नाव घातलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी. बायकोने हात जोडले.

त्यांनी फी भरून घेतली आणि तयारीची दोन पानी यादी पाठवली. वेग कसा वाढवायचा, गाडी कशी "फास्ट" करायची, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. पहिली ओळ होती ब्रेक ऑइल. गेल्या बारा महिन्यांत बदललं नसेल तर बदला.

मी पार्ट विकणारा माणूस. गाडी घेतल्यापासून इंजिन ऑइल वेळेवर बदललं, एसीचा फिल्टर बदलला, सीट कव्हर दोनदा बदलले. ब्रेक ऑइलला हात लावला नव्हता. मिस्त्री म्हणाला, "कशाला खर्च करताय शेठ, लेव्हल हाय की." लेव्हल होतीच. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ चं नवीन ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ऑइल पाणी प्यायलं की मानकाप्रमाणेही ती मर्यादा १५५ वर येऊ शकते, आणि वर्षानुवर्षं बदललंच नाही तर आणखी खाली. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते तापतं, उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आपण पेपरात वाचतो, "ब्रेक निकामी झाल्याने". दरवेळी नाही, पण त्यातले काही ब्रेक असे निकामी झालेले असतात. मिस्त्रीने जुनं ऑइल बाटलीत काढलं तर कोऱ्या चहासारखं निघालं. ह्याच ऑइलवर मी आईला घेऊन महाबळेश्वर उतरलोय.

मग टायर. नक्षी चांगली होती, मी म्हणत होतो चालतील. यादीत लिहिलं होतं, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. आमच्यावर ४११९ होतं, म्हणजे २०१९ सालचा ४१ वा आठवडा. कडेला बारीक चिरा पडलेल्या. चारही बदलले. हवा गाडी थंड असताना मोजायची, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो आणि स्वतः पंपावर पोचल्यावर गरम टायरमध्ये भरतो.

पुढचे डिस्क पॅड नवीन, मागचे लायनर साफ. चाकाचे नट टॉर्क रेंचने, आपल्याकडे पाइप लावून उड्या मारतात तसे नव्हे. गाडीत सुटं काही नको: स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची मॅट, सगळं बाहेर. मॅट सरकून पेडलखाली अडकते. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायचा होता. मिस्त्रीला ते पटेना. शेवटी पुतण्याने रुमालात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवला.

आणि एक ओळ होती, सीट बेल्टचं कुलूप तपासा. कुलपात काय होतं? क्लिप. ती चपटी लोखंडी क्लिप, जी खोचली की बेल्ट न लावताही टुंटुं वाजत नाही. माझ्याच दुकानातली. काउंटरवर बरणीत ठेवलेली असायची, लोक सुटे पैसे नसले की चॉकलेटसारखी घ्यायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ह्या क्लिपा विकायला मनाई केली, ते मी वाचलं होतं. आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, आता गिऱ्हाईक दुकानात येईल. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यात बेल्ट न लावलेले १६ हजार ७१५. त्यातल्या कुणाच्या गाडीत मी विकलेली क्लिप होती का, हे मला कधीच कळणार नाही. बरणी आता नाही. एवढंच लिहितो.

विम्याच्या एजंटलाही फोन केला. तो म्हणाला, रेसिंग किंवा वेगाच्या चाचणीत काही झालं तर पॉलिसी चालत नाही, अट छापलेली आहे. पुतण्याने विचारलं, "मग घाटात?" मी म्हटलं, घाटात रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला पाच हजारांचं काही वाटलं नाही. गाडीचं नुकसान खिशातून भरावं लागेल ह्याचं वाटलं. असो, वय आहे.

गाडीचं झालं. ड्रायव्हरची तयारी जास्त अवघड निघाली. एक दिवस आधी पोचा, रात्री नीट झोपा, पाणी भरपूर प्या, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ तळव्याचे बूट, हेल्मेट. आम्ही मध्ये एक मुक्काम केला, पण हा पठ्ठ्या ट्रॅकजवळच्या लॉजवर रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघत बसला.

सकाळी तपासणी. एका वयस्कर गृहस्थांनी बॉनेट उघडून बॅटरी हाताने हलवली. बोटभर हलली. "बांधून आणा," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले. दोन आठवडे तयारी करून नापास! पट्टी घट्ट करून पुन्हा रांगेत.

मग बसायचं कसं, ह्यावर अर्धा तास. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात नऊ आणि तीनवर. मी तीस वर्षं सीट मागे रेलून, एक हात खिडकीत टाकून चालवतोय. ह्या पद्धतीने बसल्यावर पहिल्यांदा कळलं की पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला माझा पाय पोचतच नव्हता.

पहिल्या दिवशी तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. ओव्हरटेक पुढच्याने हात बाहेर काढून खूण केल्याशिवाय नाही. झेंडे पाठ: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सगळं थांबलं, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळा म्हणजे तू आत ये. तिसऱ्या फेरीत पुतण्याने वळणाला ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी मातीत गेली. काळा झेंडा. प्रशिक्षकाने रागावला नाही की ओरडला नाही. एवढंच विचारलं, आधीच्या वळणावर कुठला झेंडा होता? ह्याला सांगता येईना. पिवळा होता. दुसरा प्रश्न, रात्री किती झोपलास? चार तास. "पुढच्या सेशनला बाहेर बस."

तो बसला. त्याच्या तोंडाकडे बघून मला वाईट वाटलं, आणि एक विचार आला तो सांगतो. बावीस वर्षांत गाडीच्या बाबतीत त्याला "आज तू चालवण्याच्या स्थितीत नाहीस" असं कुणीही सांगितलं नव्हतं. ना आम्ही, ना ड्रायव्हिंग स्कूलने, ना लायसन्स देणाऱ्याने. माझी स्वतःची लायसन्सची टेस्ट शंभर पावलं पुढे आणि थोडी मागे एवढीच होती, कुठे ते विचारू नका.

दुपारी पाणी मारलेल्या पट्ट्यावर एबीएस शिकवलं. साठच्या वेगात जायचं आणि ब्रेकवर उभं राहायचं. पेडल पायाखाली थरथरतं, खडखडाट होतो. पुतण्याने घाबरून पाय काढला. मीही काढला. तिथल्या बहुतेकांनी काढला. खरं तर थरथरलं की पाय दाबूनच ठेवायचा असतो. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण तो चालू झाल्यावर काय वाटतं हे पहिल्यांदा कळतं ते समोर म्हैस आल्यावर.

आता मूळ प्रश्नाकडे. अशा शाळेने पोरं सुधारतात का? माझा भाबडा विश्वास नाही. नॉर्वेत नव्या चालकांना घसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्याऐवजी वाढल्याचं आढळलं होतं. कारण उघड आहे. गाडी सावरता येते असं वाटलं की माणूस सावरायची वेळ आणतो. म्हणजे कमेंट करणाऱ्याची भीती खोटी नाही. गाडी घसरवून सावरायचं कसब शिकवा, असं मी म्हणतच नाही. मला त्या दोन दिवसांपेक्षा आधीचे दोन आठवडे आणि ते बाहेर बसवणं महत्त्वाचं वाटतं. गाडी तपासल्याशिवाय सोडायची नाही, माणूस तपासल्याशिवाय सोडायचा नाही. हे रस्त्यावर कुठेच होत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोघांचा जीव गेला, तेव्हा आपण सगळे पोर्शेच्या किमतीवर आणि पोराच्या बापावर बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण सतरा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली जाते आणि मध्ये एकही माणूस "थांब" म्हणत नाही, ही गोष्ट पोर्शेपुरती नाही. आपल्या गल्लीतल्या ॲक्टिव्हालाही लागू आहे.

खर्चाचं सांगतो, कारण लोक विचारतात. टायर, पॅड, दोन हेल्मेट, फी, पेट्रोल, लॉज मिळून सत्तर हजारांच्या पुढे गेले. घाटात रील करणाऱ्या दहा पोरांतल्या नऊ जणांना हे झेपणार नाही. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे निदान सुरुवात होते. पण मला हवंय ते त्याहून साधं आहे. चेन्नईवाल्यांनी हा ट्रॅक होण्याआधी कित्येक वर्षं शोलावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती घेतल्या. आपल्याला तर शर्यतही नको. प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातला एक रविवार, लायसन्सच्या चाचणीचं मैदान किंवा एमआयडीसीतला एक रिकामा सरळ रस्ता, पाण्याचा एक टँकर, वीस प्लास्टिकचे कोन, एक ॲम्ब्युलन्स आणि शिकवणारा माणूस. साठच्या वेगात ब्रेक दाबून गाडी थांबवून दाखवायची. आत यायच्या आधी टायर, ब्रेक ऑइल, बेल्ट तपासायचा. नापास झाला तर परत पाठवायचा. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फ्लेक्स लागतात, त्यावर नेत्यांचे फोटो असतात, त्या खर्चात हे बसेल. आपल्या आमदारसाहेबांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना मी निवेदन देतोय. सही करायची असेल त्यांनी दुकानात यावं, कागद तिथेच आहे.

पुतण्याचं विचाराल तर, दुसऱ्या दिवशी त्याने सगळी सेशन्स पूर्ण केली. परतीच्या वाटेवर हुबळीच्या पुढे रात्री साडेदहाला त्याने स्वतःहून गाडी ढाब्यावर घेतली आणि म्हणाला, "काका, डोळे जड झालेत, आता सकाळीच निघू." वहिनींना तिथूनच फोन केला. घाटात परत जाणार नाही, असं त्याने मला वचन दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

ब्रेक ऑइलमधलं पाणी दाखवणारा पेनसारखा टेस्टर मागवलाय. बरणी होती तिथेच काउंटरवर ठेवलाय. गाडी घेऊन या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पैसे नाहीत. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.