ठोशाची ताकद दंडात नसते

तालुक्याच्या गावीसुद्धा आता तालमीच्या जोडीला जिम आली आहे, आणि काही ठिकाणी मुष्टियुद्धाचे, म्हणजे बॉक्सिंगचे, वर्गही भरू लागले आहेत. विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला आणि मेरी कोमने २०१२ साली लंडनला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून आपल्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागली. मुले व्यायामाकडे वळत असतील तर कोणाही डॉक्टरला आनंदच होईल. परंतु या ओढीबरोबर एक गैरसमजही घरोघरी शिरला आहे. ज्याचे दंड मोठे, त्याचा ठोसा मोठा, असे मुले धरून चालतात. मग आरशासमोर बेटकुळ्या मोजणे सुरू होते, त्यानंतर पावडरचे डबे येतात आणि शेवटी कोणीतरी इंजेक्शनाची वाट दाखवतो. म्हणून हा विषय एकदा मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

ठोसा म्हणजे नेमके काय, याचे उत्तम मोजमाप १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले होते. फ्रँक ब्रुनो हा वजनदार गटातील इंग्लिश मुष्टियोद्धा पुढे १९९५ साली जगज्जेता झाला. त्याला एका टांगलेल्या, अस्तर लावलेल्या लक्ष्यावर ठोसा मारायला सांगितले. त्याची मूठ अवघा दीड फूट आणि थोडे अधिक अंतर गेली. एवढ्या प्रवासात, सेकंदाच्या दहाव्या भागात, तिने सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेग गाठला. आदळताना निर्माण झालेला जोर सुमारे ४०० किलो वजनाच्या भाराएवढा होता. एकट्या हाताच्या स्नायूंनी हे साधेल का? मुळीच नाही.

ठोसा निघतो जमिनीतून. मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, तो रेटा मांडीतून कमरेत येतो, कंबर वळते, तिच्यामागून छाती व खांदा वळतो आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. आसूड ओढताना मुठीची हालचाल थोडीच असते, पण टोकाला फटका बसतो. हाही तसाच प्रकार आहे. १९८५ सालीच सोव्हिएत संशोधकांनी मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचा हिशेब मांडला. वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळण्याचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. नवशिक्यांमध्ये मात्र उलट चित्र होते. त्यांच्या ठोशात हाताचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि पायांचा जेमतेम १६ ते १७ टक्के होता. दंडावर भिस्त ठेवणे हे कच्च्या खेळाडूचे लक्षण आहे, असाच याचा अर्थ.

शरीरशास्त्रही हेच सांगते. आपण ज्याला बेटकुळी म्हणतो तो दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवण्याचे काम करतो. सरळ ठोशात तर कोपर उघडायचे असते, आणि ते काम दंडाच्या मागच्या स्नायूचे. पुढचा स्नायू आवळून ठेवला तर तो ब्रेकसारखा आड येतो. बाजूने मारायच्या हुकमध्ये कोपर वाकलेले धरून ठेवण्यापुरता त्याचा उपयोग होतो, एवढेच. म्हणूनच जाणते प्रशिक्षक सांगतात की हात जाताना सैल असावा आणि मूठ आदळण्याच्या क्षणीच घट्ट व्हावी. लोहार घण मारतो तोही असाच. वर नेताना तो दात-ओठ खात नाही.

मग स्नायूंना काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते नाकारणे अशास्त्रीय होईल. शरीराचे वजन ठोशामागे उभे राहते, म्हणून तर या खेळात वजनगट केलेले असतात. परंतु आघाताची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, तर वेगाच्या वर्गाच्या पटीत. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट झाला तर चौपट. अमेरिकेचा टॉमस हर्न्स सहा फूट एक इंच उंचीचा, काटकुळा. १९८० साली ६७ किलोच्या आतल्या गटात त्याने पिपिनो क्वेव्हासला दुसऱ्याच फेरीत लोळवून जगज्जेतेपद मिळवले. उलट बाजूला जॉर्ज फोरमन. १९९४ साली ४५ वर्षांच्या, अंगाने सुटलेल्या फोरमनने जवळजवळ १९ वर्षांनी लहान असलेल्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका आखूड, सरळ ठोशाने आडवे केले. दोघांपैकी एकाचेही शरीर कॅलेंडरवर छापण्याजोगे पिळदार नव्हते. वेळ साधणे, अंतर ओळखणे आणि सर्व शरीर एका ठोशामागे उभे करणे, हे मात्र दोघांनाही येत होते.

तेव्हा स्नायू कमवायचेच असतील तर ते मांड्या, पोटऱ्या, नितंब, पाठ, पोट आणि मान यांचे कमवावेत. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या आणि मुद्गल फिरवणे यांत पाय आणि धड दोन्हींना काम मिळते. त्यांना जुनाट म्हणून हसू नये.

आता इंजेक्शनांविषयी. पुरुषी संप्रेरकाच्या जातीची ही औषधे, ज्यांना ॲनाबॉलिक स्टिरॉइड म्हणतात, दंड फुगवतात हे खरे. पण त्याची किंमत शरीर मोजते. वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, काहींची छाती स्त्रीसारखी वाढते, रक्तदाब चढतो, चांगले कोलेस्टेरॉल उतरते, यकृत व हृदयाला इजा होते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून सुनेच्या तपासण्या चालू असतात आणि मूळ कारण मुलाच्या जिमच्या पिशवीत असते! शिवाय स्नायू जितक्या झपाट्याने फुगतो, तितक्या झपाट्याने त्याचे कंडर बळकट होत नाहीत, म्हणून ते तुटण्याची भीती असते. आणि वजन वाढले की मुलगा वरच्या वजनगटात ढकलला जातो, म्हणजे समोर अधिक वजनाचा प्रतिस्पर्धी येतो. हा सौदा कोणत्याच बाजूने फायद्याचा नाही.

दुसरा धोका ठोशाच्या ताकदीचाच आहे. ज्याच्यावर तो बसतो त्याचे डोके झटक्याने फिरते आणि कवटीच्या आतला मेंदू हिंदकळतो. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन केले होते. डोक्यावरच्या संरक्षक टोपीने जखमा टळतात, हे हिंदकळणे टळत नाही. मेंदूला बेटकुळी येत नाही आणि त्याच्यासाठी पावडरही निघालेली नाही.

याचा अर्थ बॉक्सिंग बंद करा असा नाही. माझे मत असे की पहिले वर्षभर मुलाने पायांची ठेवण, कमरेचे वळण, पिशवीवरचा सराव आणि बचाव एवढेच शिकावे; समोरासमोर ठोसे देणे-घेणे अगदी मर्यादित असावे. हाताला पट्टी बांधल्याशिवाय पिशवीवर हात टाकू नये. रागाने भिंतीवर वा दारावर मूठ आपटणाऱ्यांच्या करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडते, हे सर्वच डॉक्टर पाहत असतात. डोक्याला मार लागून घेरी, उलटी, गोंधळ किंवा तीव्र डोकेदुखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय रिंगणात उतरू नये. आहार घरचाच पुरतो: डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी.

पालकांनी मुलाच्या प्रशिक्षकाला एक साधा प्रश्न विचारावा, ‘आमच्या मुलाला पहिल्यांदा काय शिकवणार?’ उत्तर ‘पाय’ असे आले तर मुलाला निश्चिंतपणे पाठवा. उत्तर ‘दंड’ असे आले, आणि त्यापाठोपाठ एखाद्या डब्याचे किंवा इंजेक्शनाचे नाव आले, तर मुलाचा हात धरून घरी परत या.