पायाची दुरुस्ती आणि कागदावरची किंमत

काळ्या मातीच्या मुलुखात घराच्या भिंतीला तिरपी भेग पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची इमारत आपल्याबरोबर हलविते. मग गृहनिर्माण संस्थेची सभा भरते, तीन दरपत्रके मागविली जातात आणि ज्याचा शेवटचा आकडा लहान त्यास काम दिले जाते. संस्थेचा चिटणीस बहुधा निवृत्त शिक्षक वा कारकून. पैशापैशाचा हिशेब जुळविणारा हा सज्जन नेमका येथेच फसतो.

कारण दरपत्रकातील एकूण रक्कम ही बहुतेक वेळा किंमत नसून अंदाज असतो. ठेकेदार बांधलेला असतो तो दराला: खोदकाम व काँक्रीट घनमीटरला, सळई किलोला. बिल होते ते प्रत्यक्ष मोजमापावर. ‘कठीण मुरूम लागेपर्यंत’ खणावे असे करारात असते. तो किती खोलीवर लागेल हे खणल्यावाचून कोणास ठाऊक?

समजा, अंदाज 40 घनमीटर काँक्रीटचा आहे. पहिला ठेकेदार घनमीटरला 9,000 रुपये मागतो, दुसरा 10,000. पहिला 40,000 रुपयांनी स्वस्त. परंतु त्याच्या कागदाच्या तळाशी ‘ज्यादा खोलीचे काम प्रचलित दराने’ असे बारीक अक्षरांत आहे. दुसऱ्याने तोच दर कायम ठेवला आहे. मुरूम खोल निघाला, काम 20 घनमीटरने वाढले आणि पहिल्याने वाढीव कामास 14,000 रुपये दर लावला, तर त्याचे बिल 6,40,000 होईल. दुसऱ्याचे झाले असते 6,00,000.

एकरकमी ठेका हा उपाय अनेकांना सुचतो. तथापि अज्ञाताची जोखीम कोणी फुकट पत्करत नाही. एक तर ती किमतीत आधीच मिळविलेली असते, नाहीतर ‘अमुक खोलीपर्यंतच’ या शब्दांनी ती संस्थेच्याच गळ्यात परत पडते. वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की वेगळा, हेही कोणी विचारत नाही.

आमच्या मते दरवार ठेकाच बरा, मात्र वाढीव खोलीचा दर निविदेतच भरून घ्यावा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे लेखी संमतीवाचून काम वाढवू नये. मोजमापाची पद्धत भारतीय मानक 1200 मध्ये दिलेली आहे. करारात तिचा एका ओळीचा उल्लेख पुरतो. खड्डा बुजविण्यापूर्वी संस्थेचा प्रतिनिधी, अभियंता व ठेकेदार यांनी एकत्र मापे घेऊन मोजमाप-वहीवर त्याच दिवशी सह्या कराव्यात. माती लोटल्यानंतर ती मापे पुन्हा घेता येत नाहीत.